१९११ पिस्तूल: ५ इंच, सव्वाचार की ३? नळी आखूड झाली की नेमकं काय अडतं?

पाणवठा (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या दुकानांत १९११ घराण्याची पिस्तुलं साधारण तीन मापांत मांडलेली दिसतात: ५ इंच नळीची 'गव्हर्न्मेंट', ४.२५ इंचाची 'कमांडर' आणि ३.५ किंवा ३ इंचाची छोटी. दिसायला सगळी एकाच आईची लेकरं. विक्रेता म्हणतो, फरक फक्त वजनाचा आणि बाळगायच्या सोयीचा. जुनी मंडळी म्हणतात, साडेतीनच्या खाली जाऊच नका, सारखं अडतं. वापर रेंजवरचा, काडतूस .४५ एसीपी (१९११ चं मूळ काडतूस). लांबी कमी झाल्याने नेमका कुठला भाग गडबड करतो, आणि ती देखभालीने सावरता येते का, हे जाणकारांनी सांगावं. 'माझं तर कधीच अडलं नाही' छापाचे प्रतिसाद नकोत.

लोहारकाम

आधी हे यंत्र चालतं कसं ते थोडक्यात, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

बार उडाला की नळी आणि स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) एकत्रच मागे सरकतात, कारण नळीच्या पाठीवरचे कंगोरे स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकलेले असतात. थोडं अंतर गेल्यावर नळीच्या बुडाशी असलेली लिंक (बिजागरीसारखी छोटी पट्टी) नळीचं मागचं टोक खाली ओढते. कंगोरे सुटतात, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात अडकलेली रिकामी पुंगळी ओढून नेते. पुंगळी इजेक्टरवर (फ्रेमवरच्या अडणीवर) आपटून बाहेर पडते, घोडा चढतो. एवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस मॅगझिनच्या ओठांपर्यंत (वरच्या आत वळलेल्या कडांपर्यंत) वर ढकललेलं असायला हवं. मग रिकॉइल स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते. स्लाइड काडतूस ढकलत उतरंडीवरून (फीड रॅम्प) चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) नेते आणि त्याच वेळी काडतुसाच्या बुडाची कड खालून सरकत आकड्यामागे बसते.

रचनाकार जॉन ब्राउनिंगने हा सगळा हिशोब ५ इंची नळी आणि तेवढ्या जड स्लाइडसाठी बसवला होता. मार्च १९११ च्या अंतिम चाचणीत कोल्ट कंपनीचा नमुना ६,००० फैरी एकदाही न अडता चालला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला अमेरिकन सैन्याने तो स्वीकारला. त्या हिशोबातलं एक माप बदललं की बाकीची चार नव्याने जुळवावी लागतात.

आखूड पिस्तुलात काय काय बदलतं पाहा.

पहिलं, स्लाइड हलकी होते. काडतूस तेच, म्हणजे धक्का तोच. हलकी वस्तू जास्त वेगाने मागे जाते.

दुसरं, साडेतीन आणि तीन इंचीत स्लाइडला मागे जायला जागाच कमी असते. पाच इंचीत स्लाइड मॅगझिनच्या बरीच मागे निघून जाते, म्हणजे पुढच्या काडतुसाला वर यायला उसंत मिळते. छोटीत ती उसंत केसाएवढी.

तिसरं, वेग आवरायला जड स्प्रिंग घालावी लागते आणि ती कमी जागेत जास्त दाबली जाते. ती स्लाइडला परतही तितक्याच जोरात फेकते. म्हणजे मॅगझिनला दोन्ही बाजूंनी घाई.

चौथं, नळीचा कल. कंगोरे सुटण्यासाठी नळीचं बूड जितकं खाली यावं लागतं ते अंतर सगळ्या मापांत जवळपास सारखंच. नळी जितकी आखूड, तितका त्याच अंतरासाठी कोन जास्त. ढोबळमानाने ५ आणि ३.५ चं प्रमाण धरलं तर कल सुमारे १.४ पट होतो. पाच इंचीतली तोंडाजवळची साधी बुशिंग (नळीचं तोंड धरणारं सुटं कडं) एवढा कल सहन करत नाही, नळी तिच्यात आवळून बसते. म्हणून साडेतीन-तीन इंचीत बहुधा बुशिंग काढून टाकतात आणि नळीचं तोंडच जाड, शंकूसारखं करतात. सत्तरच्या दशकातल्या डेटॉनिक्स कॉम्बॅटमास्टर या छोट्या पिस्तुलात शंकूचा हा उपाय दिसतो.

चकमक

वरच्या प्रतिसादाला +१. 'कमांडर' वेगळ्या रांगेत का बसते तेवढं जोडतो.

कमांडरची फ्रेम मुठीच्या बाजूने पूर्ण मापाचीच असते आणि मॅगझिनही तेच. फक्त नळी-स्लाइड पाऊण इंच आखूड. १९४९ मध्ये अमेरिकन सैन्याने अधिकाऱ्यांसाठी हलक्या पिस्तुलाची मागणी केली, त्यातून हिचा जन्म. पहिल्या पिस्तुलांची फ्रेम अॅल्युमिनियमची होती, पूर्ण पोलादी 'कॉम्बॅट कमांडर' सत्तरच्या आसपास आली. इथे साधी बुशिंग चालते, लिंक चालते, मॅगझिन चालतं. म्हणून पाच इंचीच्या देखभालीचे बहुतेक नियम जसेच्या तसे लागू पडतात.

'ऑफिसर्स एसीपी' १९८५ ची, ३.५ इंची. तिची मूठही आखूड, मॅगझिन ६ चं. ३ इंची 'डिफेंडर' नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. माझ्या मते खरी उडी कमांडर आणि ऑफिसर्सच्या मध्ये आहे. पाच आणि सव्वाचारमध्ये फक्त पायरी आहे.

बाराबंदी

नळी आखूड झाल्यावर गोळीचा वेग किती पडतो? त्यावरही बरंच बोललं जातं.

चकमक

.४५ च्या बाबतीत फारसा नाही. २३० ग्रेनची (सुमारे १४.९ ग्रॅम) गोलटोकी लष्करी गोळी ५ इंची नळीतून सुमारे ८३० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. इंचामागे साधारण २५ ते ३० फुटांची घट धरा. सव्वाचारमध्ये २० फूट, तीनमध्ये ५० ते ६० फूट. कागदी निशाण्याला याचं काही पडलेलं नसतं.

रेंजवर फरक पडतो तो नेमामुळे. पाच इंचीत पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर सुमारे १६५ मिमी असतं, तीन इंचीत १२५ च्या आसपास. साइट जुळवताना १ मिमीची चूक झाली तर २५ मीटरवर पहिलीत गोळी १५ सेंमी सरकते, दुसरीत २० सेंमी. त्यात वजन कमी, धक्का जास्त, मूठ आखूड आणि करंगळीला जागा नाही.

गजर

एवढं सगळं वाचून वाटतं की उपाय सोपा आहे. स्लाइड वेगाने मागे जाते ना? मग २४ पाउंडाची स्प्रिंग घाला आणि मोकळे व्हा.

लोहारकाम

इथेच लोक फसतात, गजरराव.

पाच इंचीसाठी मूळ प्रमाण १६ पाउंड, कमांडरसाठी १८, साडेतीन इंचीसाठी साधारण २२. यापुढे चढवत गेलात तर तीन गोष्टी होतात. एक, हलक्या भाराची काडतुसं स्लाइडला पूर्ण मागे ढकलू शकत नाहीत आणि पुंगळी अर्धवट बाहेर उभी अडकते. दोन, स्लाइड इतक्या वेगाने परत येते की काडतूस वर यायच्या आत ती त्याच्या डोक्यावरून जाते. चेंबर रिकामं, मॅगझिन भरलेलं आणि चाप ओढला की नुसती 'टक'. तीन, दर वेळी नळीच्या खालच्या पायांवर आणि स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड अडकवून ठेवणाऱ्या खटक्याच्या) पिनेवर घणाचा घाव.

स्लाइडचा वेग मागे जातानाच कमी करायचा तर त्याची जागा वेगळी आहे: फायरिंग पिन स्टॉप. स्लाइडच्या मागच्या टोकाला बसणारी ही छोटी चौकोनी पट्टी फायरिंग पिनला (काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या सुईला) जागेवर धरते आणि घोड्याला मागे रेटते. मूळ १९११ मध्ये तिची खालची कड जवळपास चौकोनी होती. पुढे हाताने स्लाइड ओढणं सोपं जावं म्हणून ती चांगली गोलवली गेली. कमी गोलाई म्हणजे घोडा चढवताना स्लाइडची ताकद जास्त खर्ची पडते, ती जरा दमाने मागे येते आणि परतीचा वेग मात्र वाढत नाही. काम गनस्मिथकडून करून घ्या, पट्टी खाचेत घट्ट बसवावी लागते.

याच्या उलट चूकही सर्रास होते. चाप हलका करायला घोड्याची स्प्रिंग २३ वरून १९ वर आणतात. चाप मऊ लागतो खरा, पण घोड्याचा विरोध घटल्याने स्लाइड आणखी उधळते. पाच इंचीत ते खपून जातं. तीन इंचीत त्याच दिवशी अडायला लागतं आणि मग दोष नळीच्या लांबीला.

पाणवठा

म्हणजे स्प्रिंग आहे त्याच वजनाची ठेवायची. पण बदलायची कधी?

निशाणी

फैरी मोजून. वर्षं मोजून नाही. रूढ प्रमाण असं: पाच इंची २,००० ते ३,०००, कमांडर १,५०० ते २,०००, साडेतीन-तीन इंची ५०० ते १,०००. उत्पादकाच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा दिला असेल तर तोच पाळा. छोटीत एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा असतील तर जोडीच बदलायची.

नवीन स्प्रिंग आणली की जुनीशेजारी उभी धरून बघा. जुनी ठळक आखूड दिसली तर तुम्हाला बदलायला आधीच उशीर झालाय. वेटोळी कापून 'जुळवणं' हा प्रकार करू नका.

खर्च फार नसतो. पण २,५०० फैरींमागे पाच इंचीला एक स्प्रिंग आणि तीन इंचीला तीन ते पाच, हा हिशोब खरेदीच्या दिवशी कुणी सांगत नाही.

बाराबंदी

तीन इंचीची उघडझाप हेही एक प्रकरणच आहे. बुशिंग नाही, त्यामुळे पुढून बुशिंग फिरवून प्लग (स्प्रिंगच्या पुढचं टोपण) काढता येत नाही. बऱ्याच मॉडेलांत पूर्ण लांबीचा गाइड रॉड (रिकॉइल स्प्रिंगच्या आतली सळई) असतो आणि त्याला बारीक भोक असतं. क्रम असा:

मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासा. स्लाइड मागे अडकवा. गाइड रॉडचं भोक दिसेल, त्यात काटकोनात वाकवलेली जाड पेपरक्लिप किंवा सोबत आलेली पिन घाला. स्लाइड हळू पुढे सोडा. स्प्रिंग पिनेवर अडकून राहील. मग स्लाइड स्टॉप त्याच्या खाचेशी आणून काढा आणि स्लाइड पुढून उतरवा. जोडताना सगळं बसल्यावर शेवटी पिन काढायची. ती आत विसरून स्लाइड ओढली तर पिन वाकते आणि रॉडला ओरखडे पडतात.

पाच इंचीत प्लग दाबून बुशिंग फिरवताना आपला चेहरा समोर धरू नका. अंगठा निसटला तर प्लग छतापर्यंत जातो. चष्मा हवाच.

गजर

मान्य, २४ पाउंड मागे घेतो. पण मग खरा गुन्हेगार कोण? सगळं खापर मॅगझिनवर फुटणार असं दिसतंय.

लोहारकाम

बरंचसं फुटायलाच हवं. १९११ अडली की तपासाचा क्रम माझ्या लेखी असा: मॅगझिन, काडतूस, एक्स्ट्रॅक्टर, रिकॉइल स्प्रिंग आणि मग बाकी सगळं. लोक उलटीकडून सुरू करतात. पहिल्याच दिवशी फिरतं चाक घेऊन उतरंड चकचकीत करायला बसतात. उतरंडीचा कोन एकदा बिघडला की फ्रेम गेली. शिवाय फ्रेमवरची उतरंड आणि नळीची उतरंड यांच्यामध्ये जेमतेम १/३२ इंचाची (०.८ मिमी) पायरी मुद्दाम ठेवलेली असते, नळी किंचित पुढे. ती 'खोट' समजून सपाट केली की गोळीचं टोक नळीच्या कडेवर आपटायला लागतं.

चकमक

मॅगझिनबद्दल दोन गोष्टी. ओठांची ठेवण महत्त्वाची. जुन्या लष्करी मॅगझिनचे ओठ पुढे हळूहळू रुंदावत जातात, काडतूस शेवटपर्यंत ताब्यात राहतं. सपाटटोक्या गोळीसाठीचे ओठ काडतूस लवकर आणि एकदम सोडतात. मधला संकरित प्रकारही मिळतो. पोकळटोकी गोळी वापरणार असाल तर संकरित ओठ बहुतेकदा बरे.

दुसरं, शेवटचं काडतूस. त्याच्यावर दुसऱ्या काडतुसाचा दाब नसतो आणि स्प्रिंगही सगळ्यात सैल झालेली असते. स्लाइडच्या धक्क्याने ते पुढे घसरतं, नाक खाली घालतं किंवा आकड्याच्या पुढे जाऊन बसतं. म्हणून ७ च्या नळकांड्यात ८ कोंबणारी मॅगझिनं छोट्या पिस्तुलात जास्त त्रास देतात. आठव्यासाठी जागा स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून आणि खालच्या तबकडीतून चोरलेली असते.

निशाणी

एक्स्ट्रॅक्टरची घरगुती परीक्षा. जिवंत काडतूस घेऊ नका, डमी घ्या. दारू आणि टोपी नसलेलं, वजनाने खऱ्याएवढं.

स्लाइड उतरवा, नळी काढा. डमीची कड खालून सरकवून आकड्याखाली बसवा, ती अगदी सहज जायला हवी. बोट काढा. डमी तशीच टिकली पाहिजे. स्लाइड अलगद हलवा, तरी पडता कामा नये. जोरात झटकल्यावर पडली तर चालेल.

लगेच पडली तर ताण कमी: पुंगळ्या पायाशी गळतात, कधी उभ्या अडकतात. अंगठ्याने रेटल्याशिवाय डमी जातच नसेल तर ताण जास्त: काडतूस अर्ध्या चढावर तिरकं थांबतं, स्लाइड पाऊण बंद. आकड्याची खालची कड किंचित गोलवलेली आहे का तेही पाहा, धारदार कड पितळ खरवडते.

फायरिंग पिन स्टॉप सैल असेल तर एक्स्ट्रॅक्टर आपल्या भोकात थोडा गोल फिरतो आणि दोष कधी दिसतो कधी नाही. असा लपंडाव सुरू झाला की ही पट्टी हलवून बघा.

आणि कृपा करून चेंबरमध्ये सुटं काडतूस टाकून वरून स्लाइड सोडू नका. आकडा खालून कडेमागे सरकण्यासाठी बनवलाय. पुढून आपटून कडेवर चढायला लावला की एक दिवस टोक उडतं.

पाणवठा

अॅल्युमिनियम फ्रेमचं काय? कमांडरमध्ये दोन्ही मिळतात.

लोहारकाम

वजनात मोठा फरक: पोलादी पाच इंची रिकामी सुमारे १.१ किलो, अॅल्युमिनियम कमांडर पाऊण किलोच्या आसपास. झीज होते ती उतरंडीला. पोकळटोक्या गोळ्यांची कड आणि काही मॅगझिनचे पोलादी फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी तबकडी) तिथे ओरखडे काढतात. उतरंडीला पॉलिश कागद लावू नका, वरचा कठीण थर निघून जातो आणि खालचा धातू मऊ असतो. रेंजवर महिन्याला काही शे फैरी झाडायच्या असतील तर पोलादच घ्या. वजनाने धक्काही पचतो.

बाराबंदी

१९११ सोडून दुसरं सिंगल अॅक्शन (घोडा आधी चढवावा लागतो असं) चालणार असेल तर ब्राउनिंग हाय-पॉवर विसरू नका. ब्राउनिंग १९२६ मध्ये लिएजला गेला (वारला), नमुना बेल्जियन अभियंता द्युदोने सैव्ह याने पूर्ण केला आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. नळी ४.६५ इंच, म्हणजे ११८ मिमी. ९ मिमी, मॅगझिन १३ चं. लिंक नाही, तिच्याजागी नळीच्या पायात कोरलेली तिरकी खाच. सुटी बुशिंगही नाही. झिजणारे दोन भाग कमीच झाले.

आपल्याकडच्या वाचकांना हे पिस्तूल अनोळखी नसावं. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं लष्कराचं '९ मिमी १ए' म्हणजे हेच, दुसऱ्या महायुद्धात कॅनडात इंग्लिस कंपनीने बनवलेल्या नमुन्यावरून. सेवानिवृत्त फौजी मंडळींच्या हातून ते गेलेलं असतं. भारतात ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे सामान्य परवानाधारकाने त्याचा विचार करायचं कारण नाही.

हाय-पॉवरची खोड वेगळी. मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारा एक खटका आत असतो आणि तो मॅगझिनच्या अंगावर घासतो. चाप खरखरीत लागतो तो त्यानेच. मॅगझिनही त्यामुळे आपोआप खाली पडत नाही. जुन्या उत्पादनांची उतरंड कुबडी होती, गोलटोक्या लष्करी गोळीला उत्तम, पोकळटोकीला अडखळत. नंतरच्या मार्क मालिकेत ती सरळ केली.

गजर

मग १९११ च ९ मिमीमध्ये घेतली तर? धक्का कमी, म्हणजे छोटीचा अर्धा त्रास गेला.

चकमक

धक्का कमी हे खरं. पण पिस्तूल .४५ च्या लांबीच्या काडतुसासाठी रेखलेलं. ९ मिमी काडतूस आखूड, म्हणून मॅगझिनमध्ये पाठीमागे भर घालावी लागते किंवा पुढे उतरंड जोडावी लागते. पुंगळीची कडही लहान, एक्स्ट्रॅक्टर वेगळ्या मापाचा. चांगल्या उत्पादकाने हे नीट केलं असेल तर ९ मिमी कमांडर फार गोड चालते. .४५ चा एक्स्ट्रॅक्टर घालून काम भागवलेली पिस्तुलंही दिसतात, वरची डमी परीक्षा इथे जास्तच कामाची.

निशाणी

तेलाबद्दल कुणी बोललं नाही. स्लाइड-फ्रेमच्या रुळांवर एकेक थेंब, नळीच्या पाठीवरच्या कंगोऱ्यांवर, नळीच्या तोंडाला बाहेरून (बुशिंग घासते तिथे), लिंकवर आणि डिस्कनेक्टरच्या (स्लाइड मागे असताना चाप तोडणाऱ्या भागाच्या) टोकावर. फायरिंग पिनच्या बोगद्यात काही नाही, तिथे तेल गेलं की काजळीचा चिखल होतो. तीन इंचीत नळीचं जाड तोंड स्लाइडच्या धातूवर थेट घासतं, तो थेंब चुकवू नका.

पाणवठा

सगळ्यांचे आभार. पाच इंची पोलादी किंवा सव्वाचार पोलादी, एवढ्यावर आलोय. शेवटचा प्रश्न: नवं पिस्तूल भरवशाचं आहे हे ठरवायचं कसं? किती फैरी?

लोहारकाम

आधी २३० ग्रेनच्या गोलटोक्या कारखानी काडतुसांच्या २०० फैरी. यात दोन-चारदा अडलं तर लगेच घाबरू नका, रूळ आणि कंगोरे अजून बसायचे असतात. मग साफ करून, तेल देऊन, जे काडतूस कायम वापरणार त्याच्या आणखी २००. यात एकही अडता कामा नये. मनगट घट्ट ठेवा. सैल मनगटाने फ्रेमही स्लाइडबरोबर मागे जाते आणि दोष नसलेलं पिस्तूलही अडतं. म्हणून अडलं की एकदा दुसऱ्याच्या हातात देऊन बघावं.

प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला कायम शाईने आकडा टाका: १, २, ३, ४. अडलं की वहीत तीन गोष्टी लिहा: मॅगझिनचा आकडा, कितवं काडतूस, पुंगळी किंवा काडतूस कुठे आणि कसं अडकलं. सगळी अडवणूक ३ नंबरवर निघाली तर पिस्तुलाला हात लावू नका. चारही मॅगझिनमध्ये शेवटच्याच काडतुसाला अडत असेल तर मॅगझिनच्या स्प्रिंगा बदला. मॅगझिन कुठलंही, काडतूस कितवंही आणि दर वेळी तिरकंच थांबत असेल, तर एक्स्ट्रॅक्टर उतरवा आणि डमी घेऊन बसा.